जमीन बुडाली आपली, मग मासा कोणाचा?



धरणातली मासेमारी येत्या पाच वर्षांसाठी ठेक्यानं द्यायची नोटीस निघाली आहे. तहसील कचेरीच्या फळ्यावर ती लागली तेव्हा आपल्या एकाही पाड्यावर दवंडी आली नाही. रेशनकार्डाच्या कामाला गेलेल्या पोरांनी वाचली म्हणून कळलं. ठेका दर पाच वर्षांनी निघतो, त्यात नवीन काही नाही. यंदा मात्र खाली एक जादा कलम आहे. धरणाच्या पश्चिम काठाला, जिथं पाणी खोल आहे आणि गाडीरस्ता जवळ आहे, तिथं पर्यटकांसाठी गळाच्या मासेमारीची सोय करायची. काठाला तारेचं कुंपण घालायचं, बसायला सिमेंटचे ओटे बांधायचे, शहरातल्या हौशी मंडळींना दिवसाचा पास द्यायचा. आणि त्या पट्ट्यात 'अनधिकृत व्यक्तींना' जाळं, पाग किंवा गळ टाकायला मनाई. अनधिकृत म्हणजे कोण ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नाही. त्या काठाला आज आपल्याशिवाय दुसरं कोण उतरतं?

म्हणजे गळ तोच, दोरी तीच, आमिष तेच. शहरातल्या साहेबानं टाकला तर त्याचं नाव पर्यटन, आणि कातकऱ्याच्या पोरानं टाकला तर त्याचं नाव चोरी. हा हिशेब आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही ते इथं सांगतो, आणि नुसतं 'मान्य नाही' म्हणून घरी बसायचं नसेल तर काय करावं लागेल तेही सांगतो.

आधी जमिनीचं बोलू. ज्या पाण्यात हा मासा वाढतो त्या पाण्याखाली आपली शेतं आहेत. भाताची खाचरं, नागली-वरईचे माळ, मोहाची झाडं, गावदेव, वाघदेव, म्हाताऱ्या माणसांना जिथं ठेवलं ती जागा, सगळं खाली आहे. पाटबंधारे खात्यानं मोजणी केली ती ज्याचं नाव सातबाऱ्यावर होतं त्याच्या जमिनीची. ज्यांचे एकसाली प्लॉट होते, ज्यांची पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन कागदावर फॉरेस्टची निघाली, त्यांच्या हातात एक पैसा आला नाही. पाणी गेलं कालव्यानं खालच्या बागायतीला आणि पायपानं शहराला. आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट जुनी आहे. तानसा तलाव १८९२ सालापासून मुंबईला पाणी पाजतोय, मग वैतरणा आली, मग भातसा आलं. आणि ह्याच तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या बाया एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन दरीत उतरतात.

त्या बुडालेल्या जमिनीतून आता तीनच गोष्टी आपल्या हाताला लागतात. उन्हाळ्यात पाणी हटलं की उघडी पडणारी गाळपेर, काठाचं गवत, आणि मासा. गाळपेरीला दरवर्षी अर्ज आणि दरवर्षी चकरा. गवताला फॉरेस्टचा गार्ड. राहिला मासा, तर त्याच्यावर ठेकेदार. म्हणून आम्ही म्हणतो की मासेमारीचा सवाल हा वेगळा सवाल नाही, तो जमिनीचाच सवाल आहे. जमीन पाण्याखाली गेली म्हणून तिच्यावरचा आपला हक्क विरघळला का?

आता माशाकडे या. ठेकेदार आणि साहेब दोघंही असं धरून चालतात की आदिवासीला मासा खाता येतो, माशातलं कळत नाही. बघू कोणाला कळतं ते.

धरण नव्हतं तेव्हा नदी होती. मे महिन्यात तिची डबकी व्हायची, मासा डोहात गोळा व्हायचा. पहिला मोठा पाऊस पडला, ओढ्याला गढूळ लोंढा आला की वलगण लागायची. मळ्या, शिवडा, खवली, शिंगटी असा सगळा मासा पाण्याच्या उलट वर चढायचा, ओढ्यातून थेट भाताच्या खाचरापर्यंत. पोटात अंडी घेऊन चढायचा. उथळ, वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी टाकायची आणि पाणी ओसरताना पिल्लांसकट परत नदीत यायचं, हा त्याचा वर्षाचा फेरा. वलगणीचा मासा आपण धरायचो, खरं आहे. दोन-तीन रात्री टेंभे घेऊन सगळा पाडा ओढ्यात असायचा. पण ओढे शेकडो होते नि धरणारे हात थोडे. जितका खाल्ला त्याच्या कितीतरी पट मासा वर जायचा.

धरणाची भिंत उभी राहिली आणि खालचा मासा खाली अडकला. वरचा मासा वर राहिला, त्याला चढायला फक्त धरणात येऊन मिळणारे ओढे उरले. सुरुवातीची चार-पाच वर्षं धरणात मासा उदंड लागला. आपली मोठी माणसं ते अजून सांगतात, एका फेकीत पाग जड व्हायचा. त्याचं कारण देवाची कृपा नव्हे. पाण्याखाली नुकती गेलेली झाडं, गवत, शेणखत भरलेली शेतं कुजत होती, त्यातून माशाला खाणं मिळत होतं. नवीन धरणात सगळीकडे असंच होतं. पहिली काही वर्षं भरभराट, मग खाणं संपतं आणि मासा उतरतो. म्हणजे ती भरभराटसुद्धा आपल्या शेतांच्या खतावर झाली होती. त्या वर्षांत कोणी किती पैसे केले ते तालुक्याच्या गावातल्या माड्या बघितल्या की कळतं.

त्यानंतर सुरू झालं सोडलेल्या माशाचं राज्य. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या नदीचे मासे नव्हेत, गंगेकडचे. ते लवकर वाढतात, बाजारात खपतात, चवीलाही वाईट नाहीत, आमचं त्यांच्याशी भांडण नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनी नीट समजून घ्या, कारण ठेक्याची सगळी लबाडी तिच्यात आहे. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. मोठ्या धरणात वरून येणाऱ्या नदीच्या तोंडाशी कधी कधी घालतात, पण त्यावर भरवसा नसतो. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी नावाच्या शास्त्रज्ञानं ओडिशात इंजेक्शन देऊन ह्या माशांकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून देशभर मत्स्यबीज केंद्रं निघाली. म्हणजे धरणात रोहू-कटला हवा असेल तर दरवर्षी बीज विकत आणून सोडावं लागतं. ज्यानं सोडलं नाही त्याच्या धरणात तो राहणार नाही.

आणि बीज सोडायचं म्हणजे काय सोडायचं? चार-पाच दिवसांचं पिल्लू असतं त्याला मत्स्यजिरे म्हणतात, जिऱ्याएवढंच दिसतं. तेच खड्ड्यात, तळ्यात वाढवून बोटाएवढं झालं की बोटुकली. मोठ्या धरणात बोटुकलीच सोडायला लागते. जिरे सोडले तर मरळ आणि शिंगटी दोन दिवसांत नाश्ता करून मोकळी होतात. बोटुकली महाग, जिरे स्वस्त. ठेकेदाराचं बिल बोटुकलीचं असतं आणि प्लास्टिकच्या पिशवीतून पाण्यात पडतात ते जिरे. हे आपल्या काठावर उभं राहून आपल्या माणसांनी पाहिलेलं आहे. पंचनाम्याच्या कागदावर मात्र सही होऊन जाते, आणि ती सही करणाऱ्याला जिरे आणि बोटुकली यातला फरक कळत नसेल यावर आमचा विश्वास नाही.

ठेकेदार असं का करतो? तो दुष्ट आहे म्हणून नव्हे. दुष्ट असेलही, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्याचा धरणाशी संबंध पाच वर्षांचा. पहिल्या वर्षी थोडं बीज, तिसऱ्या वर्षी कमी, शेवटच्या दोन वर्षांत काहीच नाही, कारण ते बीज मोठं होऊन दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार. उलट शेवटच्या वर्षी जाळ्याचा डोळा बारीक होतो. चार बोटांचं जाळं दोन बोटांवर येतं आणि अजून वीतभर न झालेला रोहू क्रेटमध्ये भरून जातो. पाचवं वर्ष संपलं की धरण रिकामं आणि ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात. मग खातं म्हणतं, या जलाशयाची उत्पादकता कमी आहे.

उत्पादकतेचंच बोलायचं तर आकडा ऐका. १९९० च्या दशकात आपल्या देशातल्या मोठ्या जलाशयांतून हेक्टरी वर्षाला सरासरी अकरा-बारा किलो मासा निघत होता. लहान जलाशयांतून पन्नास किलोच्या आसपास. मोठ्या धरणांत एवढा कमी का, याला खोल पाणी, बुडालेल्या झाडांत अडकणारी जाळी अशी कारणं आहेत. पण त्यांच्या जोडीला बीज न सोडणं आणि बारीक जाळं ही दोन कारणं आहेत, आणि ती पाण्यातली नव्हेत, माणसांतली आहेत.

बीज नाही पडलं की जागा रिकामी राहत नाही. तिथं तिलापिया येतो. आपण त्याला चिलापी म्हणतो. १९५२ च्या सुमाराला हा बाहेरदेशातला मासा आपल्या देशात आणला. त्याला पूर नको, ओढा नको, साचलेल्या पाण्यात वर्षातून कितीतरी वेळा वितो आणि मादी पिल्लं तोंडात धरून सांभाळते. वाढतो मात्र वीतभर. आज आपल्या बायांच्या टोपलीत आठवड्यातले पाच दिवस चिलापीच असतो. नदीतली खवली किती पोरांनी बघितली आहे? दहा वर्षांखालच्या पोराला विचारून बघा.

आता गळाच्या हौशीबद्दल. साहेबांनी कागदात लिहिलंय की ह्या धरणात गळाच्या मासेमारीला फार चांगला वाव आहे. आहे का?

गळाच्या शौकिनाला ताजवा भरून मासा नको असतो, एकच मोठा हवा असतो, जो दोरी ताणून अर्धा तास झुंजेल. त्यात सगळ्यांत वरचा मान महसीरचा. इंग्रज साहेब या माशापायी वेडे होते. मद्रास इलाख्यातल्या थॉमस नावाच्या अधिकाऱ्यानं १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर जाडजूड पुस्तकच लिहिलं. आणि पुढं १८९७ मध्ये मासेमारीचा कायदा आला, जो आजही चालू आहे. त्यात सुरुंगाचा बार उडवून आणि पाण्यात विष कालवून मासे मारायला बंदी आहे. ती बंदी चांगली आहे, त्याबद्दल पुढं बोलू. पण नदीतला मासा राखायचा म्हटलं की सरकारच्या डोळ्यासमोर गुन्हेगार म्हणून काठावरचा माणूस येतो आणि राखणदार म्हणून साहेब येतो, ही सवय तेव्हापासूनची.

महसीर आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा मासा आहे. तो थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहतो, पावसाळ्यात वर चढतो आणि गोट्यागोट्यांच्या, वाळूच्या तळावर अंडी घालतो. मे महिन्यात ज्या धरणाचं पाणी खाली सोडून तळाला चिखल राहतो, ज्याच्या ओढ्यांच्या तोंडाशी वाळूवाले ट्रॅक्टर घालतात, तिथं तो टिकत नाही. ओढे राखले तर टिकेल. पण नोटिशीत ओढ्यांबद्दल एक अक्षर नाही. ओटे आहेत, कुंपण आहे, गाड्या लावायची जागा आहे. मासा कुठून येणार ते नाही. मग होणार असं की पहिली दोन वर्षं बाहेरून मोठे मासे आणून काठाशी सोडायचे, पाहुण्यांनी ते ओढायचे, फोटो काढायचे. तिसऱ्या वर्षी पाहुणे कंटाळणार. कुंपण मात्र राहणार. कुंपण एकदा लागलं की परत निघत नाही, हे फॉरेस्टच्या बाबतीत आपण पुष्कळ बघितलंय.

शास्त्रानं महसीर वाचवता येतो, यात शंका नाही. लोणावळ्याजवळ वळवणच्या टाटांच्या तलावावर महसीरची कृत्रिम पैदास करण्याचं काम सत्तरच्या दशकापासून चाललंय, तिथलं बीज देशातल्या दुसऱ्या राज्यांतल्या नद्या-तलावांना गेलंय. चांगलं काम आहे. पण त्याच टाटांच्या धरणांसाठी मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर त्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, आणि तरी पाणी चढलं. त्या गोष्टीला आता शंभर वर्षं उलटून गेली. माशाचं पुनर्वसन झालं, माणसाचं अजून बाकी आहे. आमचा राग माशावर नाही.

आणि महसीर राखायला कुंपणच लागतं असंही नाही. महाडजवळ वाळण कोंडीला जाऊन या. नदीचा एक डोह आहे, काठाला देवीचं ठाणं आहे, आणि डोहात हातभर लांबीचे महसीर माणसाच्या हातचे मुरमुरे खायला येतात. गावानं ठरवलं की ह्या डोहातला मासा मारायचा नाही, आणि पिढ्यान् पिढ्या तो मारला गेला नाही. तिथं ना पास आहे ना ओटे.

गळाच्या हौशी माणसांशी आमचं वैर नाही हेही लिहून ठेवतो. त्यातले काही लोक मासा पकडतात, मोजतात आणि परत सोडून देतात म्हणे. दिवसभर उन्हात बसून धरलेला मासा परत पाण्यात टाकायचा, हे आमच्या आजीला सांगितलं तर ती त्या माणसाला भगताकडे न्यायला सांगेल. असो, ज्याची त्याची हौस. त्यांनी यावं, पण पास गावच्या सोसायटीकडून घ्यावा, सोसायटी सांगेल त्या जागी बसावं, आणि पावसाळ्यात येऊ नये. मालक म्हणून येऊ नये एवढंच.

आता जरा आपल्या घरात बघू. बाहेरच्यांना बोलताना हे लपवलं तर बुलेटिन काढायचा उपयोग नाही. विहिरीच्या कामावरून आणलेलं जिलेटिन डोहात टाकणारी पोरं आपलीच आहेत. ब्लिचिंग पावडर ओढ्यात ओतणारी पण आपलीच. जुन्या काळी झाडाची साल कुटून डबक्यात टाकायचे, ते एका डबक्यापुरतं असायचं आणि पाणी वाहून गेलं की संपायचं. पावडरनं ओढ्याच्या खालपर्यंत चिंबोरी, झिंगे, बेडूक, पिल्लं, सगळं मरतं, आणि तेच पाणी खालच्या पाड्यावरच्या बाया भरतात. मच्छरदाणीच्या कापडानं पिल्लं गाळणं हाही तोच प्रकार. यात पकडला गेलेला माणूस संघटनेचा आहे म्हणून संघटना त्याला सोडवायला ठाण्यात येणार नाही. हे मागच्या बैठकीत ठरलंय, पुन्हा सांगतो. ज्याला धरण मागायचंय त्याला ओढा राखता आला पाहिजे.

'आपल्याला जमेल का?' हा प्रश्न आपल्यातलेच काही जण विचारतात. सोसायटीचं दप्तर कोण लिहील, बर्फ कुठून आणायचा, व्यापारी आपल्याला फसवेल. हे प्रश्न खोटे नाहीत. म्हणून मध्य प्रदेशातल्या तवा धरणाची गोष्ट सगळ्या पाड्यांवर सांगायला हवी.

तवा नदी नर्मदेला मिळते. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात तिच्यावर सत्तरच्या दशकात मोठं धरण झालं, भरलं की वीस हजार हेक्टरांवर पाणी पसरतं. चव्वेचाळीस गावं उठली, बहुतेक गोंड आणि कोरकू लोकांची. धरणातली मासेमारी आधी सरकारी महामंडळाकडे होती. त्या सगळ्या काळात वर्षाचं सरासरी उत्पादन शंभर टनांच्या आतच राहिलं. ज्यांची गावं बुडाली त्यांना त्याच पाण्यात मजूर म्हणून जाळं टाकायचं, आणि स्वतःच्या घरी मासा नेला तर चोर ठरायचं. १९९४ मध्ये महामंडळाकडून काढून धरण खाजगी ठेकेदाराला दिलं, तेव्हा लोकांनी रस्ता धरला. केसल्याकडच्या किसान आदिवासी संघटनेनं लढा चालवला. मोर्चे, धरणं, रस्ता रोको, सगळं झालं. शेवटी १९९६ साली सरकारनं पाच वर्षांसाठी मासेमारीचा हक्क विस्थापित आदिवासींच्या सहकारी संघाला दिला. तवा मत्स्य संघ म्हणतात तो हाच.

पुढं काय झालं ते आकड्यांतच बघा. १९९६-९७ मध्ये, घडी बसवता बसवता, ९३ टन. १९९७-९८ मध्ये २४५ टन. १९९८-९९ मध्ये ३४४ टन. १९९९-२००० मध्ये ३९३ टन. २०००-०१ मध्ये जरा खाली आलं, तरी महामंडळाच्या काळाच्या तिपटीच्या वरच. पाणी तेच, मासा तोच, माणसंही तीच. बदलली फक्त मालकी. हेक्टरी हिशेब केला तर महामंडळाकडे पाच किलोसुद्धा निघत नव्हता, तो ह्या अडाणी म्हणवलेल्या गोंड-कोरकूंनी वीस किलोपर्यंत नेला. तीसवर गावसोसायट्या आणि हजारावर मच्छीमार त्यात होते. सरकारला रॉयल्टी देत होते, दरवर्षी बीज सोडत होते, आणि मासा पोटाशी असतो त्या पावसाळ्याच्या दोन महिन्यांत जाळं टाकत नव्हते. ती बंदी पोलिसांना बघून पाळली जात नव्हती. पुढच्या वर्षी त्याच पाण्यात आपल्यालाच उतरायचंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं म्हणून पाळली जायची. ठेकेदाराला हे कधीच जमणार नाही, कारण त्याला पुढचं वर्षच नसतं.

तिथंही सगळं गोड नव्हतं. त्यांचा करार २००१ मध्ये संपला, आणि तो पुन्हा मिळवायला त्यांना पुन्हा लढावं लागलं. धरणाच्या कडेला बोरी अभयारण्य आणि सातपुडा राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे फॉरेस्टचा डोळाही त्या पाण्यावर आहे. चांगलं काम केलं म्हणून सरकार आपण होऊन हक्क देतं, असा समज कोणी करून घेऊ नये.

फॉरेस्टचा विषय निघालाच तर दुसरं उदाहरण. नागपूर जिल्ह्याच्या सीमेवर पेंच नदीवर तोतलाडोहचं धरण आहे, त्याचं पाणी दोन्ही राज्यांतल्या राष्ट्रीय उद्यानात पसरलंय. तिथून उठवलेल्या आदिवासींना मध्य प्रदेश सरकारनं मासेमारीचे ३०५ परवाने दिले. पर्यावरणवाल्या एका संस्थेनं त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. १९९७ च्या मार्चमध्ये निकाल लागला. परवाने रद्द झाले नाहीत. अटी मात्र पुष्कळ आल्या. फोटोचं ओळखपत्र, ठरलेल्या वाटेनंच जायचं, बेटांवर पाय ठेवायचा नाही, काठाला चूल पेटवायची नाही. थंडीत पहाटे जाळं काढणाऱ्या माणसाला शेकोटी नाही, ही अट लिहिणारा कधी पाण्यात उभा राहिला नसेल. पण मुद्दा लक्षात ठेवा. वाघाच्या राष्ट्रीय उद्यानातसुद्धा उठवलेल्या माणसाचा मासेमारीवरचा हक्क देशातल्या सगळ्यांत मोठ्या कोर्टानं पुसून टाकला नाही. मग आपलं धरण तर साध्या पाटबंधारे खात्याचं आहे.

साहेबाकडे गेलो की तो काय बोलणार ते आम्हाला आत्ताच ठाऊक आहे. तो म्हणेल, तुमची सोसायटी आहे कुठं? सोसायटी कागदावर आहे! तिच्या यादीत आपल्याच पाड्यांवरची नावं आहेत, अंगठे आहेत, दोन तर मेलेल्या माणसांचे आहेत. अध्यक्ष आपला, शिक्का त्याच्याकडे, आणि चेकबुक ठेकेदाराच्या पेढीवर. स्थानिक सोसायटीला पहिला मान म्हणून धरण मिळतं ते ह्या नावांवर, आणि मासा जातो त्याच्या टेम्पोत. आपल्याला किलोमागे जे हातावर टेकवतात त्याच्या चौपट भावानं तोच मासा बाजारात आपल्या डोळ्यांदेखत विकला जातो. वर जाळ्याची उचल फिटता फिटत नाही. आपल्या नावानं आपल्यालाच लुबाडण्याची ही तऱ्हा पहिल्यांदा मोडायला पाहिजे.

दुसरं तो म्हणेल, ग्रामसभेचा यात काय संबंध? डिसेंबर १९९६ मध्ये संसदेनं आदिवासी भागाच्या पंचायतींचा कायदा केला. आपण त्याला पेसा म्हणतो. त्यात गावच्या हद्दीतल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे द्यायला सांगितलंय, आणि सामाईक साधनसंपत्ती परंपरेनुसार सांभाळायला ग्रामसभा समर्थ आहे असं मान्य केलंय. साहेब म्हणेल, धरण लहान नाही. बरं, नसेल. ओढे तर लहान आहेत? गावतळी, बंधारे, डोह लहान आहेत? धरणातला मासा ज्या ओढ्यांत अंडी घालायला चढतो ते सगळे आपल्या ग्रामसभांच्या हद्दीत आहेत. ओढे आमचे राखायचे आणि मासा ठेकेदारानं न्यायचा, असा कायदा कुठं आहे तो साहेबानं दाखवावा. आणि त्याच कायद्यात धरणासारख्या प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी, लोकांना वसवण्याआधी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घ्यायला सांगितलाय. आपल्या वेळी हा कायदा नव्हता. पण काठाला कुंपण घालायचं कलम यंदाचं आहे, आणि त्याबद्दल एकाही ग्रामसभेत शब्द निघालेला नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. ठेक्याची नोटीस रद्द करा. खोट्या सोसायटीची चौकशी करून ती बरखास्त करा. धरणामुळे उठलेल्या आणि काठावर राहणाऱ्या सगळ्या घरांची खरी सोसायटी नोंदवा, सातबारा असो की नसो, आणि मासेमारीचा हक्क तिला द्या. त्या सोसायटीत घरागणिक बाईचंही नाव हवं. खोल पाण्यात जाळं पुरुष टाकतो, पण काठच्या उथळ पाण्यातला मासा, झिंगे, चिंबोऱ्या बायाच धरतात, टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला बायाच जातात, आणि भाव पाडून मागणाऱ्याशी भांडायलाही त्याच लागतात. यादी करताना मात्र त्यांना कोणी विचारत नाही. ह्या वेळी विचारायचं.

रॉयल्टी आम्ही देऊ. फुकट मागत नाही. बीज आमच्यासमोर मोजून सोडायचं, बोटुकलीच सोडायची, आणि पंचनाम्यावर ग्रामसभेच्या दोन माणसांच्या सह्या घ्यायच्या. ओढ्यांच्या तोंडापासून वर एकही जाळं लागणार नाही. वलगणीला पहिला आठवडा कोणी ओढ्यात उतरणार नाही. हे मोठ्या माणसांना जड जाईल, वलगणीची रात्र म्हणजे सणच असतो, आम्हालाही जड जाणार आहे. पण खवली परत बघायची असेल तर तिला एकदा वर जाऊन यायला वाट द्यायला हवी.

प्रत्येक पाड्यानं येत्या पंधरा दिवसांत ग्रामसभा घेऊन ठराव करायचा. ठरावाचा मसुदा या बुलेटिनच्या मागच्या पानावर आहे, तसाच उतरवून घ्या, गावाचं आणि ओढ्यांची नावं मात्र आपापली घाला, एकही ओढा सोडू नका. तीन प्रती काढा. एक तहसीलदाराला, एक मत्स्य खात्याला, एक संघटनेच्या कचेरीत. पोच मागून घ्या. पोच दिली नाही तर तिथं भांडत बसू नका, पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. ज्यांची नावं त्या कागदी सोसायटीत न विचारता घातली आहेत त्यांनी तसं लिहून द्यायचं आहे, अर्ज कचेरीत भरून मिळेल.

ठराव झाले की लगेच येणाऱ्या बाजाराच्या दिवशी दुपारी, बाजार उठल्यावर, धरणाच्या भिंतीखालच्या वडाजवळ सगळ्या पाड्यांची बैठक आहे. बाया-पुरुष दोघांनीही यायचं. येताना घरातली जाळी आणि पाग घेऊन या. डोळा चार बोटांचा आहे की नाही ते तिथंच सगळ्यांसमोर मोजणार आहोत, आणि पहिलं जाळं मोजू ते कार्यकर्त्यांचं.